पुन्हा उड्डाण : एरियानस्पेसची वाटचाल

२६ मार्च १९८० रोजी एरियानस्पेस ही कंपनी स्थापन झाली. २३ मे १९८० रोजी, म्हणजे दोन महिनेही पुरे व्हायच्या आत, जे रॉकेट तिला जगाला विकायचे होते ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून उडाले आणि दोन मिनिटांच्या आत नष्ट होऊन अटलांटिक समुद्रात पडले. बारसे झालेल्या घरात अशी बातमी यावी, तशी ती वेळ होती. पैसे घेऊन दुसऱ्याचा उपग्रह अवकाशात पोचवण्यासाठी निघालेली ही जगातली पहिली कंपनी. तिचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण तिची विक्रमी यशे मोजतात. मी इथे मुख्यतः पडणे आणि पुन्हा उडणे यांच्या मधले महिने मोजणार आहे. संस्था म्हणून ती घडली ती त्या महिन्यांत, असे माझे मत आहे.

या स्मरणिकेसाठी देशोदेशींच्या अंतराळसंस्थांचे इतिहास वाटून घ्यायचे ठरले, तेव्हा एरियानस्पेस मी मागून घेतली. १९८१ साली मी शाळेत होतो. बैलगाडीवर ठेवलेल्या एका उपग्रहाचे छायाचित्र तेव्हा पाहिले आणि ते मनातून कधी गेले नाही. त्या उपग्रहाचे नाव ॲपल. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेल्या त्या नावातले पहिलेच अक्षर एरियानचे आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. ‘एरियान पॅसेंजर पेलोड एक्स्परिमेंट’, म्हणजे एरियानमधून जाणारा उतारू. आणि तो उतारू ज्या गाडीत बसला, ती आदल्याच फेरीत कोसळलेली गाडी होती, हे कळायला आणखी काही वर्षे.

एरियानच्या आधी युरोपने ‘युरोपा’ नावाचे रॉकेट करून पाहिले होते. पहिला टप्पा ब्रिटनचा, दुसरा फ्रान्सचा, तिसरा जर्मनीचा. ज्याने त्याने आपापल्या घरी केलेला, आणि सगळ्या रॉकेटची जबाबदारी घेणारा कारभारी कोणीच नाही. युरोपाने एकही उपग्रह कक्षेत पोचवला नाही. ५ नोव्हेंबर १९७१ रोजी कुरूहून उडालेले युरोपा-२ कोसळले आणि १९७३ मध्ये तो कार्यक्रमच बंद झाला. त्याच सुमारास फ्रान्स आणि जर्मनी मिळून ‘सिंफनी’ नावाचे दोन दळणवळण उपग्रह तयार करत होते. ते न्यायला घरचे वाहन उरले नाही. अमेरिकेने १९७४ आणि १९७५ साली आपल्या डेल्टा रॉकेटवरून ते सोडून दिले. अट मात्र अशी घातली की त्यांचा व्यापारी उपयोग करायचा नाही. युरोपच्या मनाला ही अट फार लागली. (त्याच सिंफनीवर १९७७ ते १९७९ या काळात इस्रो आणि आपले टपाल-तार खाते यांनी मिळून ‘स्टेप’ हा दळणवळणाचा प्रयोग केला. त्यामुळे तो उपग्रह आपल्यालाही परका नाही.)

३१ जुलै १९७३ रोजी ब्रुसेल्सच्या बैठकीत युरोपीय देशांनी नव्या रॉकेटला मान्यता दिली. खर्चाचा मोठा वाटा फ्रान्सने उचलला आणि कामाची सूत्रे फ्रान्सच्या ‘क्नेस’ या अंतराळसंस्थेकडे एकहाती गेली. युरोपाच्या अपयशातून घेतलेला हा पहिला धडा. नाव ठेवले एरियान. ग्रीक कथेतली ही राजकन्या. तिने दिलेल्या दोऱ्याच्या आधाराने नायक चक्रव्यूहातून बाहेर येतो.

उड्डाणासाठी जागा होती फ्रेंच गयानातले कुरू. विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंश उत्तरेला. पृथ्वीच्या फिरण्याचा धक्का तिथे जवळजवळ पुरेपूर मिळतो आणि पूर्वेला मोकळा समुद्र आहे. भूस्थिर कक्षेत जाणाऱ्या उपग्रहाला याहून चांगली जागा पृथ्वीवर शोधून सापडणे कठीण. तिथे १५ डिसेंबर १९७९ रोजी पहिल्या एरियानची इंजिने पेटली आणि एका चुकीच्या दाबमापनामुळे लगेच बंद झाली. रॉकेट जागच्या जागी उभे राहिले. २४ डिसेंबरला ते उडाले आणि कक्षेत पोचले. तीन महिन्यांनी कंपनी स्थापन झाली ती या आनंदाच्या भरात.

कंपनीची घडण समजून घेण्यासारखी आहे. सर्वांत मोठा भागधारक क्नेस. बरोबर युरोपातल्या, रॉकेटचे भाग करणाऱ्या कंपन्या आणि काही बँका. क्नेसमध्ये एरियानचे काम पाहणारे फ्रेदेरिक दालेस्त हे पहिले अध्यक्ष झाले. रॉकेटचा विकास युरोपीय अवकाश संस्था, म्हणजे ईसा, करणार. विकास पुरा झाला की रॉकेट बनवून घेणे, विकणे आणि उडवणे हे कंपनीचे काम. विमा, करार, तारीख पाळणे, ग्राहकाला भेटणे, या गोष्टी तोवर सरकारी खात्यांच्या हातात होत्या. त्या व्यापाराच्या हातात आल्या त्या इथून. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे, त्याला अपघातानंतर तोंडही दाखवावे लागते. सरकारी कार्यक्रमावर हा भार नसतो, आणि या कंपनीच्या पुढच्या वागण्यातले बरेच काही या एका फरकातून उलगडते.

आता २३ मे १९८०.

दुसऱ्या चाचणी-उड्डाणाचे नाव एल-०२. त्यावर दोन उपग्रह होते. एक जर्मनीच्या मॅक्स प्लांक संस्थेचा ‘फायरव्हील’, आणि दुसरा हौशी रेडिओ मंडळींच्या ‘ॲमसॅट’ संघटनेचा. हा दुसरा उपग्रह पुष्कळ अंशी स्वयंसेवकांच्या मेहनतीतून उभा राहिला होता. उड्डाण झाले आणि काही सेकंदांतच पहिल्या टप्प्यातल्या चारपैकी एका वायकिंग इंजिनाचे ज्वलन बिघडले. पुढे काय झाले ते वर आलेच आहे.

या बिघाडाला ज्वलनाची अस्थिरता म्हणतात. वायकिंगच्या ज्वलनकक्षात इंधन आणि ऑक्सिडायझर बारीक छिद्रांतून फवारले जातात आणि एकमेकांना भेटताच पेटतात. वेगळी ठिणगी लागत नाही. जळताना कक्षात दाबाच्या लहानमोठ्या लाटा उठतच असतात. एरवी त्या विरून जातात. पण लाटेचा ठेका आणि ज्वाळेचा ठेका जुळला, की झोपाळा परत येण्याच्या नेमक्या क्षणी कोणी हलका झोका देत राहावे तसे होते. प्रत्येक लाट पुढच्या लाटेला बळ देते आणि सेकंदाच्या अंशात धातूला झेपणार नाही इतका ताप आणि हादरा तयार होतो. हा रॉकेटविद्येतला जुना आणि बेभरवशाचा शत्रू. शंभर वेळा नीट जळलेले इंजिन एकशे एकाव्या वेळी का बिघडले, याचे सरळ उत्तर मिळत नाही. पहिल्या उड्डाणात तसलीच चार इंजिने बिनतक्रार जळली होती, म्हणून तर तपास करणाऱ्यांपुढचे कोडे अधिक अवघड झाले.

तपास इंजेक्टरपाशी, म्हणजे त्या फवारणाऱ्या छिद्रांपाशी, येऊन थांबला. छिद्रांच्या मापात बदल झाले. पुन्हा पुन्हा इंजिने जमिनीवर जाळून पाहिली गेली आणि प्रत्येक इंजेक्टर तपासून, निवडूनच वापरायचे ठरले. एरियानच्या पुढच्या पिढ्यांसाठी इंधनही बदलले. यूडीएमएच या मूळ इंधनात एक चतुर्थांश हायड्रेझिन हायड्रेट मिसळून केलेले हे मिश्रण यूएच-२५ म्हणून ओळखले जाते. ते अधिक शांतपणे जळते. या सगळ्याला जवळपास १३ महिने लागले. हातात माल नसलेल्या, एकही व्यापारी उड्डाण न केलेल्या कंपनीने ते १३ महिने कसे काढले असतील, याची कल्पना व्यापार करणाऱ्या कोणालाही येईल. पडलेले रॉकेट दाखवून पुढच्या रॉकेटवरची जागा विकायची होती.

इकडे बंगळुरूमध्येही हीच वाट पाहणे चालू होते. ईसाने एरियानच्या चाचणी-उड्डाणांत काही जागा फुकट देऊ केल्या होत्या आणि इस्रोने त्यांतली एक मिळवली होती. प्रोफेसर सतीश धवन इस्रोचे अध्यक्ष, उपग्रह केंद्राची धुरा प्रोफेसर यू. आर. राव यांच्याकडे आणि ॲपल प्रकल्पाचे संचालक आर. एम. वासगम. भारताचा हा पहिला भूस्थिर दळणवळण उपग्रह औद्योगिक वसाहतीतल्या साध्या शेडमध्ये सुमारे दोन वर्षांत तयार झाला. अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती आणि ट्रकचे लोखंड मोजणीत अडथळा आणणार, म्हणून लाकडी बैलगाडी भाड्याने आणली. ते प्रसिद्ध छायाचित्र या चाचणीचे. पुष्कळदा ते भारताच्या गरिबीचे चित्र म्हणून छापले जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते. लोखंड नको होते आणि लाकूड हवे होते. गावात लाकडी वाहन बैलगाडीच होती. ते चित्र हुशारीचे आहे.

त्याच वर्षभरात इस्रोच्या स्वतःच्या घरातही पडणे-उठणे चालू होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण बंगालच्या उपसागरात संपले आणि १८ जुलै १९८० रोजी दुसरे यशस्वी झाले. म्हणजे कुरूला एल-०२ पडल्यानंतर दोन महिन्यांनी श्रीहरिकोट्याला आपले रॉकेट उठले. आणि ॲपलला अंतिम कक्षेत ढकलणारी मोटर याच एसएलव्ही-३ च्या चौथ्या टप्प्यावरून तयार केलेली होती. दोन संस्थांच्या दोन पुनरुड्डाणांची गाठ अशी एका उपग्रहाच्या पोटात पडली होती.

आदल्या फेरीत कोसळलेल्या रॉकेटवर आपला पहिला भूस्थिर उपग्रह बसवायचा का, हा प्रश्न धवन आणि राव यांच्यापुढे कसा आला असेल आणि त्यावर काय बोलणे झाले असेल, ते मी कल्पनेने लिहिणार नाही. उपग्रह कुरूला गेला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

१९ जून १९८१. भारतात संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. एल-०३ वर युरोपचा हवामान उपग्रह मेटिओसॅट-२, त्याच्याखाली ६७० किलोंचा ॲपल, आणि मोजमापाची उपकरणे असलेली एक कुपी. चारही वायकिंग इंजिने शेवटपर्यंत नीट जळली. दोन्ही उपग्रह ठरलेल्या कक्षेत सुटले. पुढचे काम आपल्या माणसांचे होते. ॲपलचा एक सौरपंखा उघडलाच नाही. वीज निम्मी झाली, एक बाजू तापू लागली आणि उपग्रह वळवत-सांभाळत ठेवावा लागला. तरीही १०२ अंश पूर्व रेखांशावर तो २७ महिने काम करत राहिला. १३ ऑगस्ट १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. पुढच्या इन्सॅट मालिकेसाठी लागणारा हाताचा सराव इथे झाला.

या सगळ्याला आणखी एक धागा आहे, आणि तो थेट महाराष्ट्रात येतो. १९७४ साली इस्रोचा फ्रान्सच्या ‘सेप’ या इंजिन बनवणाऱ्या कंपनीशी करार झाला. आपले अभियंते व्हर्नों इथे जाऊन वायकिंगच्या विकासात काम करतील आणि मोबदल्यात त्या इंजिनाचे ज्ञान आपल्याला मिळेल, असा तो श्रमाच्या बदल्यात ज्ञानाचा व्यवहार. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली आपली तुकडी तिथे राबली. त्या ज्ञानातून भारतात तयार झालेले इंजिन म्हणजे ‘विकास’. त्याची पहिली चाचणी १९८५ मध्ये व्हर्नों इथेच झाली. विकास इंजिने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातही बनतात. एल-०२ ज्या इंजिनामुळे पडले आणि एल-०३ ज्या इंजिनामुळे उठले, त्याचे सख्खे भावंड पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला घडते, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या फार थोड्या लोकांना माहीत असेल.

पुढचा काळ चढउताराचा. १० सप्टेंबर १९८२ रोजी पाचवे उड्डाण पडले. या वेळी दोष तिसऱ्या टप्प्याच्या टर्बोपंपात होता. नऊ महिन्यांनी, १६ जून १९८३ रोजी सहावे यशस्वी झाले आणि त्यावर हौशी रेडिओवाल्यांचा ऑस्कर-१० हा उपग्रह होता. एल-०२ बरोबर समुद्रात गेलेल्या त्यांच्या उपग्रहाची ही जागा भरून निघाली. ज्या रॉकेटने तीन वर्षांपूर्वी आपली मेहनत बुडवली, त्याच रॉकेटकडे ती मंडळी पुन्हा आली, ही मला या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते. कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर केलेले पहिले व्यापारी उड्डाण २३ मे १९८४ चे. ग्राहक अमेरिकेतला, उपग्रह स्पेसनेट-१. एल-०२ ला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

१२ सप्टेंबर १९८५ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ उड्डाण पाहायला कुरूला आले होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते फसले. तिसऱ्या टप्प्याचे, द्रव हायड्रोजनवर चालणारे इंजिन पेटले नाही. ३१ मे १९८६ रोजी पुन्हा तेच. पृथ्वीवरून उठून दोन टप्पे नीट जळतात आणि वर निर्वातात तिसऱ्याची ज्योत लागत नाही, हा दोष नशिबाचा म्हणून सोडून देता येणारा नव्हता. कंपनीने उड्डाणे थांबवली.

ते १९८६ साल आठवावे. जानेवारीत अमेरिकेचे चॅलेंजर हे शटल फुटले, एप्रिलमध्ये टायटन रॉकेट, मे महिन्याच्या सुरुवातीला डेल्टा. पश्चिमेकडच्या देशांकडे उपग्रह नेणारे एकही भरवशाचे वाहन उरले नव्हते आणि ग्राहक दाराशी रांग लावून उभे होते. अशा वेळी घाई करण्याचा मोह किती असेल! एरियानस्पेसने साडेपंधरा महिने घेतले. प्रज्वलक अधिक जोरकस केला आणि पुन्हा पुन्हा तपासला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी एरियान-३ युरोपचा ईसीएस-४ आणि ऑस्ट्रेलियाचा ऑसॅट के-३ हे दोन उपग्रह घेऊन उठले, तेव्हा तिसऱ्या टप्प्याची ज्योत वेळेवर लागली. शटलवरून जायचा आपला इन्सॅट-१सी चॅलेंजरमुळे अडून राहिला होता. तो जुलै १९८८ मध्ये एरियान-३ वरून गेला. तिथून पुढे इन्सॅट आणि कुरू ही जोडी जमली ती जमलीच.

आणि आता एका फडक्याची गोष्ट.

१५ जून १९८८ पासून एरियान-४ सुरू झाले होते. तोवरच्या रॉकेटांत ते सर्वांत भरवशाचे. २२ फेब्रुवारी १९९० च्या रात्री त्याच्यावर दोन जपानी उपग्रह होते. हे व्ही-३६ उड्डाण. खाली एकूण आठ वायकिंग इंजिने : चार पहिल्या टप्प्यात आणि चार बाजूच्या बूस्टरांत. उड्डाणानंतर सहा सेकंदांनी पहिल्या टप्प्यातल्या एका इंजिनाचा जोर ढासळला. रॉकेट मनोऱ्याच्या अगदी जवळून वर गेले. उरलेली इंजिने तिरकी होऊन तोल सावरत राहिली. जेवढे वळता येईल तेवढी वळली. वरच्या हवेत तोल गेला आणि १०१ व्या सेकंदाला रॉकेट फुटले.

अवशेष गोळा करून तपास झाला, तेव्हा कारण सापडले ते एक कापडी फडके. वायकिंगमध्ये टर्बाइन फिरवणारे वायू फार तापू नयेत म्हणून पाणी सोडतात. त्या पाण्याच्या नळीत हे फडके अडकले होते. जोडणी किंवा साफसफाई करताना कोणाच्या तरी हातून राहिलेले. ते हात कोणाचे, यावर तपासाचा भर नव्हता. एवढी तपासणी होऊनही नळीत फडके राहू शकते, तर तपासणीतच भोक आहे, हे मान्य करून जोडणीच्या आणि तपासणीच्या पद्धती कडक केल्या गेल्या. चूक करणाऱ्याला शोधून हाकलणे सोपे असते आणि त्याने सगळ्यांचे समाधानही होते. पण मग पुढचा माणूस आपली चूक लपवतो. कारखान्यात काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असते, आणि तरी किती ठिकाणी उलटेच घडते! पाच महिन्यांनी, २४ जुलै १९९० रोजी, व्ही-३७ सुखरूप गेले.

वायकिंगचा एकूण हिशेब इथेच देतो. एरियान-१ ते एरियान-४ या पिढ्यांच्या १४४ उड्डाणांत ९५८ वायकिंग इंजिने वापरली गेली. त्यांतली फक्त दोनच इंजिने रॉकेट बुडायला कारण झाली. एक १९८० चे अस्थिर ज्वलनाचे, दुसरे १९९० चे फडक्याचे.

एरियान-४ ने पुढे १९९४ सालात दोन धक्के खाल्ले, दोन्ही तिसऱ्या टप्प्याचे. प्रत्येक वेळी काही महिन्यांची थांबणूक, दुरुस्ती आणि पुन्हा उड्डाण. १९९५ च्या मार्चपासून निवृत्तीपर्यंत सलग ७४ उड्डाणे यशस्वी झाली. ११६ पैकी ११३, असा त्याचा अखेरचा ताळेबंद. आपल्या इन्सॅट-२ मालिकेतले पाचही उपग्रह याच वाहनाने गेले. घराच्या छपरावर ज्यांनी दूरदर्शनच्या अँटेना फिरवल्या आहेत, त्या पिढीच्या संध्याकाळी कुरूने थोड्याफार घडवल्या आहेत.

४ जून १९९६ च्या एरियान-५ च्या पहिल्या उड्डाणाबद्दल फार लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यात उरकतो. ते उड्डाण ईसाच्या चाचणी-कार्यक्रमातले होते. एरियान-४ मधून जसाच्या तसा आणलेला संगणकीय आज्ञावलीचा एक तुकडा नव्या रॉकेटच्या मोठ्या आडव्या वेगाचा आकडा सोळा बिटांच्या चौकटीत बसवू शकला नाही. दिशा सांगणारी दोन्ही यंत्रे एकाच चुकीने एकापाठोपाठ बंद पडली आणि ३७ व्या सेकंदाला दिशा गेली. गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या समितीने दीड महिन्यात अहवाल दिला आणि तो सर्वांना वाचायला खुला केला. आज संगणकशास्त्राचे विद्यार्थी, आपल्याकडचेही, तो अभ्यासतात.

आता माझ्या दृष्टीने या इतिहासातला दुसरा मुख्य प्रसंग. ११ डिसेंबर २००२ रोजी एरियान-५ ची नवी, ताकदवान ईसीए ही आवृत्ती पहिल्यांदा उडाली. तिच्या मुख्य व्हल्कन-२ इंजिनाच्या नोझलला थंड ठेवणाऱ्या नळ्यांमध्ये गळती झाली. नोझल तापले, वाकले आणि रॉकेट नष्ट करावे लागले. हॉटबर्ड-७ आणि स्टेंटॉर हे दोन उपग्रह गेले. जानेवारीत धूमकेतूकडे निघायचे रोझेटा यान जुन्या आवृत्तीवर बसणार होते, तरी खबरदारी म्हणून त्याचे उड्डाण थांबवले. ग्रह-धूमकेतूंची वेळ कोणासाठी थांबत नाही. विर्तानेन हा ठरलेला धूमकेतू हातचा गेला आणि चुर्युमोव्ह-गेरासिमेंको हा नवा शोधावा लागला. एवढी मोठी मोहीम बाजूला ठेवण्याचे धैर्य मला कोणत्याही यशस्वी उड्डाणाइतकेच मोठे वाटते.

१५ फेब्रुवारी २००३ ला शेवटचे एरियान-४ उडाले. म्हणजे जुने वाहन निवृत्त झाले आणि नव्यावर डाग लागलेला. अशा अवस्थेत एरियान-५ ची जुनी, पडताळलेली आवृत्ती पुन्हा उभी राहिली. तिच्यावरचे उतारू होते अमेरिकेचा गॅलक्सी-१२ आणि भारताचा २,९५० किलोंचा इन्सॅट-३ए. १० एप्रिल २००३, पहाटे ४ वाजून २२ मिनिटे, भारतीय वेळ. मी जागा होतो. १९८१ च्या बैलगाडीतल्या उतारूची आठवण होत होती. अपघातानंतरच्या पहिल्या फेरीत पुन्हा एकदा आपलेच सामान होते. बावीस वर्षांत इतका फरक पडला होता, की तेव्हा जागा फुकट मिळाली होती आणि आता आपण पैसे मोजून गेलो होतो. दोन्ही उपग्रह नीट सुटले. इन्सॅट-३ए वर दळणवळणाबरोबर हवामानाचा कॅमेरा होता आणि संकटात सापडलेल्या जहाजांचे व विमानांचे संदेश टिपणारे यंत्रही. ९३.५ अंश पूर्वेवरून तो बंगालच्या उपसागरावरचे ढग पाहत राहिला.

फसलेल्या ईसीए आवृत्तीचे पुनरुड्डाण व्हायला २००५ चा १२ फेब्रुवारी उजाडला. नोझल मजबूत केले आणि आतून झिर्कोनियाचा लेप दिला. पुढे याच आवृत्तीने २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब दुर्बीण इतक्या नेमक्या वेगाने सोडली, की वाचलेल्या इंधनामुळे दुर्बिणीचे आयुष्य वाढले. रोझेटा २००४ च्या मार्चमध्ये निघाले आणि २०१४ मध्ये आपल्या धूमकेतूपाशी पोचले.

एरियान-५ चे शेवटचे, ११७ वे उड्डाण ५ जुलै २०२३ रोजी झाले. एरियान-६ चे पहिले उड्डाण व्हायला ९ जुलै २०२४ उजाडला. मधले वर्ष कंपनीकडे स्वतःचे मोठे रॉकेट नव्हते. पण एरियान-५ च्या निरोपानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १४ जुलै २०२३ ला, श्रीहरिकोट्याहून चंद्रयान-३ घेऊन एलव्हीएम-३ उठले. त्याच्या मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिने होती, १९७४ च्या त्या कराराच्या वंशातली. बाजूचे घन बूस्टर अजून जळत होते. उड्डाणाला दोन मिनिटे व्हायच्या आत ती दोन्ही इंजिने आकाशात पेटली आणि ठरल्या वेळेपर्यंत जळत राहिली.